जुनं नाव, नवी बाटली : वुडी ओरिएंटल परफ्यूमच्या नव्या आवृत्तीचं परीक्षण कसं करावं

नामांकित परफ्यूमची नवी आवृत्ती आली की बहुतेक परीक्षणं पहिल्या दहा मिनिटांच्या वासावर उरकली जातात. वुडी ओरिएंटलच्या, म्हणजे लाकूड, राळ आणि गोड वासांच्या कुळाच्या, बाबतीत ही घाई फार महागात पडते. या कुळाचा सगळा जीव तळाशी, म्हणजे वरचे वास उडून गेल्यावर उरणाऱ्या थरात असतो. चंदन, देवदार, पाच (पचौली), व्हॅनिला, टोंका नावाची गोड वासाची बी, लोबान यांचा खरा वास अंगावर तीन तास मुरल्यावर कळतो. कंपनीने काटकसर केली असेल तर तीसुद्धा बहुधा तिथेच सापडते, कारण महागडा माल तळातच असतो. वरचा बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) तुलनेने स्वस्त आहे आणि दुकानातल्या कागदी पट्टीवर गिऱ्हाइकाला तोच भेटतो.

कुळाच्या नावाचा एक गोंधळ आधी मिटवू. सुगंधांचं वर्गीकरण करणाऱ्या मायकल एडवर्ड्स यांनी 2021 मध्ये 'ओरिएंटल' हा शब्द सोडून 'अँबर' हा शब्द घेतला. त्यामुळे नव्या माहितीपत्रकात 'वुडी अँबर' आणि जुन्या लेखांत 'वुडी ओरिएंटल' असं दिसलं, तर परफ्यूम बदललं असं समजू नये. पाटी बदलली, एवढंच.

पुढे सोयीसाठी एक उदाहरण अधूनमधून येईल : पॅरिसच्या गेर्लांचं 'सम्सारा'. ज्याँ-पॉल गेर्लां यांनी ते 1989 मध्ये आणलं. मोगऱ्याच्या जातकुळीतली जाई-जुई आणि भरपूर चंदन हा त्याचा कणा. (नाव संस्कृतातलं, जन्ममृत्यूच्या फेऱ्याच्या अर्थाने घेतलेलं. मराठी माणसाला मात्र 'संसार' म्हटलं की आधी कपबशा आणि गॅसचं सिलिंडर आठवतं.) भारतीय चंदनाच्या तेलाबरोबर पॉलिसँटॉल नावाचा कृत्रिम चंदनरेणू त्यात पहिल्यापासून आहे. म्हणून 'जुनं म्हणजे अस्सल, नवं म्हणजे कृत्रिम' ही सरधोपट विभागणी इथे सुरुवातीलाच कोसळते.

'नवी' म्हणजे नेमकी कोणती?

नव्या आवृत्तीचे चार प्रकार असतात आणि प्रत्येकाला विचारायचा प्रश्न वेगळा असतो.

नाव तेच, खोका जवळपास तोच, पण सूत्र गुपचूप बदललेलं, हा पहिला प्रकार. इथे प्रश्न एकच : ओळख टिकली का? दुसरा प्रकार म्हणजे त्याच नावाची नवी तीव्रता, ओ द तॉयलेटचं ओ द पार्फम किंवा पार्फम. तीव्रता म्हणजे केवळ अर्काची टक्केवारी, असा समज पक्का बसला आहे. ढोबळ हिशेबात ओ द तॉयलेट 5 ते 15 टक्के, ओ द पार्फम 15 ते 20 आणि पार्फम त्याहून वर. पण हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत आणि बहुतेक घराणी तीव्रता बदलताना सूत्रही बदलतात. म्हणून 'हे तेच, फक्त जास्त टिकणारं' असं वाक्य चाचणीशिवाय लिहू नये.

तिसरा प्रकार फ्लँकरचा, म्हणजे मूळ नावाला शेपूट जोडून काढलेलं वेगळं परफ्यूम. टॉम फोर्डच्या 2007 मधल्या 'ऊद वुड'नंतर 2017 मध्ये 'ऊद वुड इन्टेन्स' आलं. सँ लॉराँच्या 2002 मधल्या 'एम 7'नंतर 2011 मध्ये 'एम 7 ऊद अॅब्सोल्यू' आलं. फ्लँकरला मूळ परफ्यूमच्या मापाने मोजणं अन्याय आहे, पण नावाचा फायदा घेतलाय म्हटल्यावर नातं दाखवणं भाग आहे. चौथा प्रकार घर बदलण्याचा. 'फेमिनिते द्यु ब्वा' 1992 मध्ये शिसेदोच्या नावाने आलं आणि 2009 मध्ये सर्ज ल्युतांसच्या मालिकेत गेलं. अशा वेळी परीक्षणाच्या शीर्षकातच कोणत्या घरची बाटली ते लिहावं. नाहीतर प्रतिक्रियांमध्ये दोन माणसं दोन वेगळ्या द्रवांवरून भांडत बसतात.

खोका वाचायला पाच मिनिटं द्या

बाटलीच्या तळाचा आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर परीक्षण तिथेच थांबवा. भारतात अधिकृतपणे आलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणी क्रमांक आणि एमआरपी छापलेली असते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या बाटलीवर हे नसणारच, त्यामुळे केवळ त्यावरून ती नकली ठरत नाही.

मग घटकांची यादी. जुन्या आणि नव्या खोक्यावरच्या याद्या शेजारी ठेवून फोटो काढा. काय शोधायचं?

जुन्या यादीत 'हायड्रॉक्सीआयसोहेक्सिल 3-सायक्लोहेक्सीन कार्बोक्साल्डिहाइड' असं लांबलचक नाव असेल तर तो लायरल हा कृत्रिम सुगंधी रेणू. युरोपीय संघाने त्यावर बंदी घातली आणि 23 ऑगस्ट 2021 नंतर तो असलेला माल दुकानात ठेवता येत नाही. 'ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल' म्हणजे लिलियल. तो 1 मार्च 2022 पासून बंद. दोन्ही पांढऱ्या फुलांना ओलसर, ताजा भरीवपणा देत. सम्सारासारख्या जाई-चंदनाच्या परफ्यूममध्ये हे दोन्ही होते आणि नव्यात नाहीत असं यादीवरून दिसलं, तर मधल्या टप्प्यातली फुलं थोडी कोरडी वाटण्याची शक्यता धरून चालावं. 'इव्हर्निया प्रुनास्ट्री' म्हणजे ओकमॉस, ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल. त्यावरही मर्यादा आहेत. त्यातले अॅट्रॅनॉल आणि क्लोरोअॅट्रॅनॉल हे घटक लायरलबरोबरच बंदीत गेले.

आता सापळा. युरोपच्या 2023 च्या नियमाने खोक्यावर जाहीर करायच्या अॅलर्जीकारक घटकांची संख्या 26 वरून 80 च्या पुढे गेली. नव्या उत्पादनांना 31 जुलै 2026 आणि आधीपासून बाजारात असलेल्यांना 31 जुलै 2028 ही मुदत आहे. साहजिकच नव्या खोक्यावरची यादी लांबलचक दिसते आणि 'बघा, किती केमिकल घातलीत' अशी ओरड होते. सूत्र तसंच राहूनही यादी वाढते, हे वाचकाला स्पष्ट सांगावं. उलट परीक्षकासाठी ही पर्वणी आहे. नव्या याद्यांत व्हॅनिलिन, पाचेचं तेल, चंदनाचं तेल आणि सँटॅलॉल (चंदनाच्या तेलातला मुख्य घटक) ही नावं येऊ लागली आहेत. 'टेट्रामिथाइल असेटिलऑक्टाहायड्रोनॅफ्थॅलीन्स' दिसलं की तो आयसो ई सुपर हा सुप्रसिद्ध लाकडी रेणू, आणि 'ट्रायमिथाइलसायक्लोपेंटेनिल मिथाइलआयसोपेंटेनॉल' दिसलं की एबॅनॉल, म्हणजे कृत्रिम चंदन. यादीतून प्रमाण कळत नाही, हे मात्र विसरू नये.

जुनी बाटलीसुद्धा बदललेली असते

तुलनेसाठी जुना नमुना लागतोच. आठवणीवर लिहिलेल्या 'पूर्वीसारखं राहिलं नाही'ला काही किंमत नाही. पण जुनी बाटली हा 1989 मधला वास नव्हे. तो 1989 मधल्या द्रवाचा आजचा वास आहे. हवा, उजेड आणि उष्णतेने सगळ्यात आधी वरचा थर मरतो. बर्गमॉट-लिंबाच्या जागी नेलपॉलिशसारखी किंवा खवट आंबूस छटा येते आणि ती 5 ते 15 मिनिटांत निघून जाते. त्याच वेळी वरची चमक गेल्यामुळे तळ अधिक गडद आणि गोड भासतो. मग जुनी आवृत्ती 'अधिक खोल' होती असा निष्कर्ष निघतो. अर्धा तरी तो वयाचा परिणाम असतो.

म्हणून पहिल्या 20 मिनिटांची तुलना करूच नये. नव्याची सुरुवात स्वतंत्र नोंदवावी आणि जुन्या-नव्याची गाठ एका तासापासून पुढे घालावी. शक्य असेल तर दोन जुने नमुने घ्यावेत, एक पाच-सात वर्षांपूर्वीचा आणि एक त्याहून जुना. तिन्ही क्रमाने हुंगले की कुठला फरक वयाचा आणि कुठला सूत्राचा, याचा अंदाज येतो.

रंगावरून निवाडा देऊ नये. व्हॅनिलिन असलेला द्रव वर्षागणिक चहासारखा तपकिरी होत जातो. जुना गडद आणि नवा फिकट दिसणं हे अपेक्षितच आहे.

कागदावर

एका आवृत्तीचे किती मिली लागतील? साधारण फवारा 0.1 मिलीचा असतो. अंगावर 8 दिवस, रोज 3 फवारे, म्हणजे 2.4 मिली. पट्ट्यांसाठी 1 मिली. सांडलवंड धरून 5 मिलीची काचेची कुपी पुरते. प्लास्टिकची नको, ते वास धरतं आणि सोडतं. पूर्ण बाटली घेतली असेल तर पहिले 3-4 फवारे वाया घालवा. पंपाच्या नळीत हवा असते आणि पहिला फवारा अर्धवट येतो.

पट्टीवर आधी पेन्सिलीने खूण करा, मग फवारा. जेल पेनच्या शाईला स्वतःचा वास असतो. 10-15 सेंमी अंतरावरून एकच फवारा, पट्टीच्या टोकावर. अल्कोहोल उडायला 20 सेकंद द्या. पट्टी मध्ये दुमडून ठेवली की ओलं टोक टेबलाला लागत नाही. जुन्या-नव्याच्या पट्ट्या हातभर अंतरावर ठेवा. व्हॅनिला आणि कस्तुरी शेजारच्या कागदावर सहज बसतात.

नोंदीच्या वेळा : लगेच, 15 मिनिटं, 1 तास, 3 तास, 6 तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या सकाळची नोंद बहुतेक जण गाळतात. वुडी ओरिएंटलमध्ये तीच सगळ्यात बोलकी. 24 तासांनी कागदावर काय उरलं? मऊ दुधाळ चंदन, नुसती साखर, की कोरडं टोचरं लाकूड? परीक्षणाचा निम्मा निकाल या एका नोंदीवर लागतो.

एका बैठकीत तीनच्या वर परफ्यूम हुंगू नयेत. नाक थकलं की दुकानातली कॉफीची वाटी उपयोगाची नाही. तिचा फायदा साध्या हवेपेक्षा जास्त होत नाही. दोन मिनिटं खिडकीपाशी जावं किंवा स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगावी. सर्दीत, कच्चा कांदा खाल्ल्यावर, घरात फोडणी चालू असताना किंवा देवघरात उदबत्ती लावल्यावर चाचणी नको. दिवाळीच्या पहाटे तर नाहीच.

अंगावर

हात बिनवासाच्या साबणाने धुवा. त्या दिवशी खोबरेल, पावडर, सुगंधी क्रीम काही नको. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला जुनं, उजव्या हाताला नवं, एकेक फवारा. दुसऱ्या दिवशी हात बदला, कारण उजवा हात जास्त चालतो, तापतो, धुतला जातो. मनगटं एकमेकांवर घासू नका. घासण्याने दोन्ही बाजूंचे वास मिसळतात आणि वरचा थर लवकर उडतो.

हवामान नोंदवल्याशिवाय टिकाऊपणाचा आकडा लिहू नये. मुंबईच्या मे महिन्यात गोड अँबर अंगावर चिकटतं आणि दोन फवाऱ्यांतच डोकं धरतं. तेच पुण्याच्या डिसेंबरमधल्या संध्याकाळी शहाण्यासारखं वागतं. एसी कार्यालयात वास शरीराजवळ बसून राहतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीला किमान चार दिवस द्या : दोन उकाड्याचे, एक एसीतला, एक थंडाव्यातला. कोकणात किंवा गोव्यात बसून पॅरिसच्या परीक्षकाचे 'बारा तास' उतरवून घेण्यात अर्थ नाही.

पसरण्याचा अंदाज स्वतःच्या नाकाने घेता येत नाही, कारण अर्ध्या तासात नाक आपल्याच वासाला सरावतं. दुसऱ्या कुणाला तरी 1 तासाने आणि 4 तासांनी, आधी हातभर आणि मग दोन मीटरवर उभं करून 'कसला वास येतोय?' एवढंच विचारा. 'छान आहे ना?' असं विचारलं की उत्तर वाया गेलं.

कपड्यावर मारायचं तर जुन्या पांढऱ्या सुती रुमालावर आधी डाग पडतो का पाहा. तपकिरी द्रव रेशमावर कायमचा डाग पाडू शकतो. पैठणीवर प्रयोग नको.

चंदन ओळखण्यासाठी सहाण काढा

मराठी घरातल्या परीक्षकाकडे इथे एक सोय आहे, जी इतरांना विकत घ्यावी लागते. चंदनाचं खोड सहाणेवर पाण्याने दोन मिनिटं उगाळा आणि गंध मनगटावर लावून सुकू द्या. मऊ, दुधाळ, किंचित आंबट-तुपकट आणि शेवटपर्यंत सपाट राहणारा हा वास नाकात बसवून घ्या. खोड मात्र खरं हवं. बाजारात वास लावलेली साधी लाकडंही चंदन म्हणून विकली जातात. एक-दोनदा उगाळल्यावर वास गेला तर ते त्यातलंच.

मोजमापाची भाषा हवी असेल तर भारतीय चंदनाच्या तेलासाठी आयएसओ 3518 हा दर्जा आहे. त्यात अल्फा-सँटॅलॉल 41 ते 55 टक्के आणि बीटा-सँटॅलॉल 16 ते 24 टक्के अपेक्षित असतं. मलईसारखा गुण मुख्यतः बीटाचा. म्हैसूरकडचं चंदन अतोनात तोडीने दुर्मीळ झालं आणि आज याच जातीची झाडं पश्चिम ऑस्ट्रेलियात कुनुनुर्राच्या आसपास लावलेली आहेत. ऑस्ट्रेलियाची स्वतःची वेगळी जात, सँटॅलम स्पिकॅटम, मात्र जास्त कोरडी आणि राळेसारखी. माहितीपत्रकात नुसतं 'ऑस्ट्रेलियन सँडलवुड' लिहिलं असेल तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं.

कृत्रिम रेणूंत जॅव्हॅनॉल अतिशय ताकदवान. त्याची चमकदार, जरा गुलाबी धार सहाणेवरच्या गंधात कधीच नसते. ही धार वाईट नव्हे, पण नव्या आवृत्तीत ती वाढली असेल तर लिहावं.

खरी अडचण वेगळी आहे. 'परफॉर्मन्स'च्या हव्यासापायी अनेक नव्या परफ्यूममध्ये तीव्र 'वुडी अँबर' रेणू (नाव कुळाचंच, पण इथे अर्थ कृत्रिम रसायनांचा एक गट) भरले जातात. त्यांचा वास कोरडा, धातूसारखा, तापलेल्या इस्त्रीत स्पिरिट मिसळावं तसा टोचतो. वास खोलीभर पसरतो, बारा तास टिकतो, आणि परीक्षक 'जुन्यापेक्षा दमदार' म्हणून मोकळा होतो. दम वाढला तो कशाने वाढला, हे त्याने शोधलेलं नसतं. सहाव्या तासाला मऊपणा आहे की टोचणी, यावर लक्ष ठेवा. शिवाय असे काही रेणू आणि काही कस्तुऱ्या काही माणसांना अजिबात वास देत नाहीत. आयसो ई सुपर तर येतो आणि जातो. एकाच नाकावर विसंबून 'दोन तासांत उडालं' असं छापू नये.

'ऊद' शब्द वापरताना मराठीत विशेष जपा. आपला ऊद म्हणजे निखाऱ्यावर घालायचा लोबान, आणि अरबी ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. एक गोड, व्हॅनिलासारखा, राळेचा. दुसरा औषधी, कातडी, गोठ्याच्या अंगाने जाणारा. परीक्षणात 'उदाचा वास' असं मोघम लिहिलं तर सांगलीचा वाचक एक समजेल आणि दुबईत राहणारा दुसरं.

डोळे झाकून

खोक्याचा रंग आणि किंमत नाकापेक्षा जास्त बोलतात. त्यावर उपाय तीन पट्ट्यांचा. दुसऱ्या माणसाने तीन पट्ट्या द्याव्यात, दोन एका आवृत्तीच्या आणि एक दुसऱ्या. मागे फक्त आकडे. वेगळी कोणती ते ओळखायचं. वेगळी पट्टी कधी जुनी, कधी नवी असावी. दोन फेऱ्यांमध्ये पाच मिनिटं विश्रांती आणि एकूण सहा फेऱ्या. पट्ट्या सकाळी एकाच वेळी फवारून चार तासांनी वापराव्यात, म्हणजे जुन्या बाटलीचा मेलेला वरचा थर चुगली करणार नाही.

नुसत्या अंदाजाने सहापैकी पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 729 मध्ये 13, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. तेवढे बरोबर आले तर फरक खरा मानावा. चार किंवा जास्त बरोबर येणं नशिबानेही दहा टक्के वेळा घडतं, तेव्हा 'फरक बहुधा आहे' इतकंच लिहावं. तीन किंवा कमी आले तर नव्या सूत्राने घात केल्याचा अग्रलेख लिहायची गरज नाही.

लिहिताना

पहिल्या परिच्छेदात पाच गोष्टी याव्यात : आवृत्ती आणि तीव्रता, दोन्ही बाटल्यांची अंदाजे वर्षं, नमुना विकत घेतला की भेट मिळाला, किती दिवस वापरलं, कोणत्या हवेत. भेट मिळाला असेल तर ते जाहीर करणं सौजन्यापुरतं राहिलेलं नाही. जाहिरात मानक परिषदेचे समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठीचे नियम जून 2021 पासून लागू आहेत.

'राजेशाही', 'गूढ', 'मादक' ही विशेषणं खोडून त्या जागी वेळ आणि वस्तू लिहा. 'अतिशय श्रीमंत बेस' यातून कुणाला काही कळत नाही. 'तिसऱ्या तासाला पेन्सिलीला टोक काढल्यासारखा देवदार, सहाव्याला वाळल्या गवतासारखा टोंका, चंदन शेवटपर्यंत मागेच' यातून कळतं. कंपनीने छापलेली नोट्सची, म्हणजे वासाच्या छटांची, यादी तपासणी संपेपर्यंत वाचू नये. एकदा 'केशर' वाचलं की केशर येतंच.

किमतीचा हिशेब फवाऱ्याचा करावा. समजा 100 मिलीला 12,000 रुपये, म्हणजे फवारा 12 रुपयांना. जुन्याचे तीन फवारे दिवसभर पुरत होते आणि नव्याचे पाच लागतात, तर रोजचा खर्च 36 वरून 60 रुपयांवर गेला. छापील किंमत तीच असली तरी ही भाववाढच आहे. असा एक हिशेब दहा विशेषणांपेक्षा वाचकाच्या कामी येतो.

निकाल दोन वाचकांसाठी वेगळा द्यावा. जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं वापरणाऱ्याला हवं असतं, 'संपलेल्या बाटलीच्या जागी ही चालेल का?' पहिल्यांदा घेणाऱ्याला जुन्याशी देणंघेणं नसतं. त्याला या पैशात याच कुळातलं दुसरं काही बरं मिळेल का, ते सांगा. दोघांना मिळून एकच तारांकित गुण दिला तर दोघांचीही फसगत होते.

परीक्षण लिहून झालं की उरलेला द्रव छोट्या काचेच्या कुपीत गळ्यापर्यंत भरा, आत हवा राहू देऊ नका. वर बॅच क्रमांक आणि तारीख लिहून कपाटाच्या अंधाऱ्या, थंड कप्प्यात ठेवा. चार-पाच वर्षांनी पुढची 'नवी' आवृत्ती येईल तेव्हा जुना नमुना शोधत फिरावं लागणार नाही.